मुलांचा दमा : नांव एक, तऱ्हा अनेक

शाळामास्तरानें उमेदीच्या काळांत केलेल्या चुका निवृत्तीनंतर एकेक करून त्यास भेटावयास येतात, असा आमचा अनुभव आहे. तशाच एका चुकीची हकीकत सांगून या लेखास आरंभ करितों.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वींची गोष्ट. इयत्ता सातवीच्या वर्गांत आमचेकडे एक सडपातळ, मितभाषी मुलगा होता. संस्कृत शब्दरूपें त्यास तोंडपाठ असत, आणि वर्गांत तो कधीं खोकतांना दिसत नसे. हिंवाळ्यांतील एका सकाळीं व्यायामशिक्षक रजेवर असल्यामुळें कवायतीचा तास आमच्याकडे आला. मैदानास तीन फेऱ्या घालण्याचा हुकूम आम्हीं सोडला. हा मुलगा दुसरी फेरी होतांच निंबाच्या झाडाखालीं जाऊन बसला. आम्हीं त्यास सर्वांदेखत ‘कामचुकार’ म्हटलें व तिसरी फेरी घालावयास लाविलें. ती पुरी करून तो गुडघ्यांवर हात टेकून ओणवा उभा राहिला. त्याचे खांदे वरखालीं होत होते आणि छातींतून शिट्टीसारखा बारीक सूर निघत होता. पाऊण तासानें तो वर्गांत येऊन बसला तेव्हां त्यास कांहींएक झालेलें दिसत नव्हतें. आणि कांहीं दिसत नव्हतें म्हणूनच तें सोंग होतें, अशी आमची खात्री पटली.

पुढें कित्येक वर्षांनीं आमच्या नातवाच्या निमित्तानें एका बालरोगतज्ज्ञांच्या समोर बसण्याचा प्रसंग आला. बोलतां बोलतां त्यांनीं दम्याच्या एका तऱ्हेचें वर्णन केलें. थंड व कोरड्या हवेंत जोरानें धांवल्यावर छाती आवळते, थांबल्यानंतर पांच-दहा मिनिटांत ती अधिकच आवळते, आणि अर्ध्या-पाऊण तासांत आपोआप मोकळी होते, असें तें वर्णन होतें. तें ऐकून आम्ही मान खालीं घालून बसलों. निंबाच्या झाडाखालचा तो मुलगा आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

आम्ही वैद्यकाचे पदवीधर नाहीं. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण आणि पुढें केलेलें संस्कृताचें अध्ययन एवढीच आमची शिदोरी. तथापि घरांत दोन नातवंडांना निरनिराळ्या तऱ्हेनें या विकारानें गांठल्यामुळें आम्हांस जें वाचावें, विचारावें व पाहावें लागलें, तें इतर आजी-आजोबांच्या व आईबापांच्या उपयोगीं पडावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे. औषधाची योजना ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनींच करावयाची, हें आधींच सांगून ठेवितों.

विकार कोठें असतो ?

नाकातोंडांतून घेतलेली हवा फुप्फुसांत ज्या नळ्यांतून जाते, त्या झाडाच्या फांद्यांप्रमाणें उत्तरोत्तर बारीक होत गेलेल्या असतात. दमेकरी मुलाच्या या नळ्यांच्या आंतील अस्तराला कायमची एक मंद सूज असते. मूल हंसत खेळत असतें तेव्हांही ती सूज सर्वस्वीं गेलेली नसते. अशा हुळहुळ्या नळ्यांना सर्दी, धूळ, धूर, थंड वारा यांपैकीं कशाचाही डंख झाला कीं तीन गोष्टी एकदम घडतात. नळीभोंवतालचे स्नायु आवळतात, अस्तराची सूज वाढते आणि चिकट कफ सुटतो. नळी अरुंद झाली म्हणजे हवा आंत घेण्यापेक्षां बाहेर सोडणें अधिक कठीण होतें. म्हणून श्वास सोडतांना शिट्टी वाजते.

आपल्या प्राचीन वैद्यांची या विकाराशीं जुनी ओळख होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील सतराव्या अध्यायांत श्वासाचे महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास व क्षुद्रश्वास असे पांच प्रकार वर्णिले आहेत. त्यांतील तमकश्वासाचें वर्णन आजच्या दम्याशीं पुष्कळच जुळतें. आभाळ आलें, पाऊस पडला, गारठा पडला किंवा पूर्वेचा वारा सुटला म्हणजे तो वाढतो. रोग्यास आडवें पडवत नाहीं, बसल्यानें बरें वाटतें, आणि उष्ण पदार्थांची इच्छा होते, असें तेथें सांगितलें आहे. श्वास म्हणजे सर्व एकच, असें त्या जुन्या आचार्यांनींही मानलें नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. आम्ही मात्र आज ‘दमा’ हा एकच शब्द उच्चारून एकतर घाबरतों, नाहींतर तो शब्दच टाळतों.

टाळण्याची तऱ्हा पाहावी. ‘त्याची छाती जरा नाजूक आहे’, ‘तिला ॲलर्जीचा खोकला आहे’, ‘बालदमा आहे, मुंजीपर्यंत जाईल’ हे शब्द आमच्या घरांतून नेहमींचे आहेत. मुलीच्या बाबतींत तर पुढें सोयरीक जुळावयाची आहे म्हणून शेजाऱ्यासही पत्ता लागूं दिला जात नाहीं. १९९१ सालीं मुलांच्या दम्याचा व ॲलर्जीचा जो आंतरराष्ट्रीय अभ्यास सुरू झाला, आणि ज्यांत आपल्याकडील पुणें व मुंबई या शहरांतील मुलांचीही पाहणी झाली, त्याच्या कर्त्यांनीं मोठी चतुराई केली. दमा आहे काय, एवढें विचारून ते थांबले नाहींत. गेल्या बारा महिन्यांत छातींत शिट्टीसारखा आवाज आला काय, असेंही त्यांनीं विचारलें. रोगाचें नांव लोक लपवितात किंवा त्यांना तें ठाऊकच नसतें. परंतु शिट्टी आईच्या कानांतून सुटत नाहीं.

सर्दीबरोबर वाजणारी छाती

आतां तऱ्हांकडे वळूं. पहिली तऱ्हा आमच्या थोरल्या नातीची. ती दीड वर्षाची असल्यापासून तिला सर्दी झाली कीं दुसऱ्या दिवशीं छाती वाजूं लागे व पोट उडूं लागे. सर्दी गेली म्हणजे पुढील सर्दी येईपर्यंत मूल अगदीं निरोगी. सर्दीचे विषाणु हेंच अशा वाजण्याचें मुख्य कारण असतें. लहान मुलांच्या नळ्या मुळांतच बारीक असल्यामुळें थोड्याशा सुजेनेंही त्या अडतात.

अशा मुलांचें पुढें काय होतें, याचा शोध अमेरिकेंतील ॲरिझोना राज्यांतल्या टूसॉन शहरीं घेण्यांत आला. १९८० सालीं सुरू झालेल्या या अभ्यासांत १,२४६ नवजात बालकांची नोंद करून त्यांच्या वाढीचा मागोवा ठेवला गेला. डॉ. फर्नांडो मार्टिनेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्यांतील ८२६ मुलांची सहाव्या वर्षापर्यंतची हकीकत १९९५ सालीं प्रसिद्ध केली. निम्म्याहून किंचित् अधिक मुलांची छाती कधींच वाजली नव्हती. दर शंभरांत सुमारें २० मुलांची तिसऱ्या वर्षाच्या आंत वाजली, पण सहाव्या वर्षीं थांबलेली होती. सुमारें १५ मुलांची तिसऱ्या वर्षानंतर वाजूं लागली, आणि सुमारें १४ मुलांची आरंभापासून सहाव्या वर्षापर्यंत वाजतच राहिली. म्हणजे तान्हेपणीं ज्यांची छाती वाजली, त्यांतील दर दहांपैकीं सुमारें सहा मुलें सहाव्या वर्षापर्यंत त्यांतून सुटलीं.

‘वय वाढलें कीं जातो’ हें आजीबाईंचें म्हणणें खरें ठरतें तें या सुटलेल्या मुलांपुरतें. त्यांच्या नळ्या जन्मतःच जरा अरुंद असतात आणि शरीराबरोबर त्या रुंदावतात. गर्भारपणीं आईनें धूम्रपान केलेलें असणें हें त्या अरुंदपणाचें एक कारण त्या अभ्यासांत आढळलें. आमची नात पांच वर्षांची झाल्यावर तिची छाती वाजणें थांबलें, आणि तेव्हांपासून आम्ही स्वतःस या विषयांतील जाणकार समजूं लागलों. पुढील चुकीचें मूळ त्या समजुतींत होतें.

ॲलर्जीचा दमा

दुसरी तऱ्हा नातवाची. त्यास तान्हेपणीं गालांवर व कोपरांच्या वळणांत इसब होतें. चौथ्या वर्षीं पहांटे उठल्याबरोबर दहा-पंधरा शिंका व नाक चोळणें सुरू झालें. पांचव्या वर्षीं छाती वाजूं लागली, आणि तीही केवळ सर्दीबरोबर नव्हे. माळ्यावरील गाद्या काढल्या, उदबत्तीचा धूर झाला, भिंतींना पावसाळ्यांतील ओल चढली, खूप हंसूं आलें, यांपैकीं कांहींही पुरे होई. सूनबाईंच्या माहेरीं दम्याची परंपरा आहे. इसब, शिंका, दमा आणि घरांतील पूर्वेतिहास हीं चारी एके ठिकाणीं आलीं म्हणजे ही तऱ्हा ओळखावी. ती वयाबरोबर आपोआप जाईल असें गृहीत धरतां येत नाहीं. कांहींची लहानपणीं दबून पुढें तारुण्यांत परत येते. बालपणीं हा विकार मुलांत अधिक आढळतो व वयांत आल्यानंतर मुलींचें प्रमाण वाढतें, हेंही लक्षांत ठेवावें.

अशा मुलांचा एक मोठा वैरी म्हणजे घरांतील धुळींत राहणारा, डोळ्यांस न दिसणारा कीटक. गाद्या, उशा, गोधड्या व रुजामे हें त्याचें घर. माणसाच्या अंगावरून झडणारा त्वचेचा कोंडा हें त्याचें अन्न. आणि दमट हवा हें त्याचें सुख. त्याच्या विष्ठेचे सूक्ष्म कण श्वासावाटे नळ्यांत जातात. आपल्या पावसाळ्यांत तो चांगलाच पोसला जातो. झुरळें, भिंतीवरील बुरशी, मांजराच्या अंगांतील कण व फुलांचे पराग हे त्याचे साथीदार होत. १९५० नंतरच्या दशकांत पुण्याजवळ प्रथम नोंदलें गेलेलें आणि आतां देशभर पसरलेलें गाजरगवत हेंही त्यांतीलच एक.

धांवण्यानें उठणारा, आणि केवळ खोकणारा

तिसरी तऱ्हा आमच्या त्या विद्यार्थ्याची. जोरानें धांवतांना मूल तोंडानें श्वास घेतें. नाकांत हवा तापते व ओलसर होते. तोंडावाटे ती थंड व कोरडी अशीच आंत जाते आणि नळ्या वाळून आवळतात. पुष्कळ दमेकरी मुलांना हा त्रास इतर त्रासांबरोबर होतो. कांहींना तेवढाच होतो. अशा मुलास खेळापासून दूर ठेवणें हा उपाय नव्हे. खेळण्यापूर्वीं हळूहळू अंग तापविणें, डॉक्टरांनीं सांगितलें असल्यास दहा-पंधरा मिनिटें आधीं औषध ओढणें, आणि मूळची सूज नियमित औषधानें कमी ठेवणें, एवढें केल्यास तें मूल इतरांच्या बरोबरीनें धांवतें. पोहण्याच्या तलावावरील हवा दमट असल्यामुळें पोहणें पुष्कळांना सोसतें.

चौथी तऱ्हा फसवी आहे. छाती वाजत नाहीं, धाप लागत नाहीं. केवळ कोरडा खोकला, तोही रात्रीं दोन-तीनच्या सुमारास किंवा हंसल्या-धांवल्यानंतर, आणि आठवडेच्या आठवडे. खोकल्याच्या बाटल्यांमागून बाटल्या संपतात, प्रतिजैविक औषधांचे कोर्स होतात, आणि गुण येत नाहीं. हा खोकल्याच्या वेषांतील दमा असूं शकतो. मूल पांच-सहा वर्षांचें झालेलें असल्यास नळींत फुंकर मारण्याची परीक्षा करितात. नळ्या मोकळ्या करणारें औषध दिल्यानंतर फुंकरीचा जोर बारा टक्क्यांहून अधिक वाढला, तर संशयास पुष्टि मिळते. त्याहून लहान मुलांत मात्र आईनें सांगितलेली हकीकत हीच मुख्य परीक्षा; म्हणून खोकला कोणत्या वेळीं, कशानें व किती दिवस येतो हें एका वहींत लिहून ठेवावें. छाती वाजत असतांना फिरत्या फोनवर त्याचें चित्रण करून डॉक्टरांस दाखविल्यास उत्तमच.

याच्या उलट, वाजणारी प्रत्येक छाती दम्याची नसते हेंही तितकेंच खरें. रांगतें किंवा नुकतेंच चालूं लागलेलें मूल एकाएकीं ठसकलें व तेव्हांपासून छाती एकाच बाजूस वाजूं लागली, तर शेंगदाणा किंवा खेळण्याचा तुकडा नळींत अडकल्याचा संशय घेऊन तात्काळ रुग्णालयांत न्यावें. वजन न वाढणें, जन्मापासून छाती वाजणें, लांबलेला ताप, कफांतून रक्त पडणें यांचा अर्थ वेगळा असतो. क्षय किंवा हृदयाचा विकारही या वेषांत येऊं शकतो. पंपाची हौस करण्यापूर्वीं निदान करून घ्यावें तें यासाठींच.

कोजागिरीची रात्र

आतां आमची दुसरी चूक. नातू सात वर्षांचा असतांना चिरंजीव व सूनबाई कांहीं कामानिमित्त पंधरा दिवस परगांवीं गेलीं. जातांना सूनबाईंनीं दोन पंप आमच्या स्वाधीन केले. तपकिरी पंप सकाळ-संध्याकाळ न चुकतां द्यावयाचा. निळा केवळ त्रास झाल्यास. मुलास तीन महिन्यांत एकदांही त्रास झालेला नव्हता. धडधाकट मुलास दोन वेळां औषध देणें आम्हांस विचित्र वाटलें. शिवाय तपकिरी पंपांत ‘स्टेरॉईड’ असतें असें कोणाकडून तरी ऐकलें होतें, आणि थोरल्या नातीचा दमा आपोआप गेलेला आम्हीं डोळ्यांनीं पाहिला होता. आम्हीं तो पंप कोणास न सांगतां बंद केला. दहा दिवस कांहीं झालें नाहीं. आम्ही मनांतल्या मनांत सूनबाईंना उपदेश करण्याचीं वाक्यें जुळवूं लागलों.

अकराव्या दिवशीं कोजागिरी होती. इमारतींतील मंडळी गच्चीवर जमली. कोळशाच्या शेगडीवर दूध आटत होतें, मुलें चांदण्यांत धांवत होतीं. त्याच रात्रीं अनेक ठिकाणीं खिरींतून दम्याचें औषध देण्याची प्रथा आहे, आणि गच्चीवर त्याविषयीं गप्पाही झाल्या. मध्यरात्र उलटल्यावर नातू अंथरुणांत उठून बसला. पुढें वाकून, दोन्ही हात गादींत रुतवून तो म्हणाला, ‘‘आजोबा, श्वास बाहेर जात नाहीये.’’ पुढें त्यास एका वेळीं दोन शब्दांपलीकडे बोलवेना. गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आंत ओढला जात होता. आम्हीं निळा पंप शोधला. हात कांपत होते. जोडनळी सांपडली नाहीं म्हणून पंप तसाच तोंडांत दाबला. त्यांतील औषध बहुतेक जिभेवर बसलें. शेजाऱ्यांनीं गाडी काढली. रुग्णालयांत प्राणवायु व वाफेचें औषध मिळाल्यावर पहांटे पांचच्या सुमारास तो झोंपला. आमच्या सौ. त्याच्या पायाशीं व आम्ही उशाशीं, कोणीही कोणाशीं बोललों नाहीं.

दुसरे दिवशीं सूनबाई परत आल्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, ‘‘बाबा, तपकिरी पंप शेवटचा केव्हां दिला होता ?’’ मुलांना खरें बोलावें म्हणून तीस वर्षें शिकविल्यावर आम्हांस खोटें बोलतां येईना. त्या रागावल्या नाहींत. त्या म्हणाल्या, ‘‘तो बरा होता, तो त्या पंपामुळेंच बरा होता, बाबा.’’

त्या वाक्यानें आम्हांस आमचाच एक जुना पाठ आठवला. आपल्या वैद्यकांत रोगांचे साध्य, याप्य व असाध्य असे भेद केलेले आहेत. याप्य म्हणजे जो मुळासकट उपटला जात नाहीं, पण उपचार चालूं असेपर्यंत आवरून धरतां येतो. सुश्रुतसंहितेंत त्यास दृष्टान्त दिला आहे तो पडूं पाहणाऱ्या घराचा. नीट लावलेल्या टेकूनें तें उभें राहतें. विद्यार्थ्यांना हा शब्द आम्हीं कैक वेळां समजावून सांगितला असेल. आणि घर उभें दिसतें आहे म्हणून टेकू काढून घेणारे आम्हीच निघालों.

दोन पंपांचीं दोन कामें

पुष्कळ घरांत हीच गफलत होते. निळा पंप आवळलेले स्नायु सैल करितो. त्यांतील साल्ब्युटामॉल हें औषध १९६९ सालापासून वापरांत आहे. त्याचा गुण कांहीं मिनिटांत दिसतो व चार-सहा तासांत सरतो. सुजेवर त्याचा इलाज नाहीं. सूज उतरविण्याचें काम स्टेरॉईडच्या पंपाचें. श्वासावाटे घ्यावयाचें असें पहिलें प्रचलित औषध १९७२ सालीं आलें. त्याचा गुण दिवसांनीं दिसतो व न दिसणें हाच त्याचा गुण असतो. केवळ निळ्या पंपावर विसंबणाऱ्यांस तात्पुरतें बरें वाटतें आणि आंतील सूज वाढत राहते. म्हणूनच ‘जिना’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या दमाविषयक जागतिक संस्थेनें २०१९ सालापासून १२ वर्षें व त्यापुढील वयाच्या रोग्यांवर केवळ तत्काळ आराम देणाऱ्या पंपानें उपचार करूं नयेत असा सल्ला दिला आहे. पंपांचे रंग कंपनीगणिक बदलतात. तेव्हां रंगावर न जातां ‘रोजचा’ व ‘अडचणीचा’ अशा चिठ्ठ्या त्यांवर चिकटवाव्या.

पंपाची संवय लागते, ही भीति निराधार आहे. चष्म्याची संवय लागते म्हणून कोणी मुलास फळा दिसेनासा ठेवीत नाहीं. स्टेरॉईडविषयींची भीति मात्र तपासून पाहण्यासारखी आहे. गोळींतून तें मिलिग्रॅमच्या मापानें पोटांत जाऊन सर्व शरीरभर फिरतें. पंपांतून त्याच्या कितीतरी कमी, मायक्रोग्रॅमच्या मापानें, थेट नळ्यांवर पडतें. दुष्परिणाम शून्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकेंतील एका दीर्घ अभ्यासाचे २०१२ सालीं प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे कीं, बालपणीं कांहीं वर्षें बुडेसोनाईड ओढलेल्यांची प्रौढपणींची उंची इतरांहून सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. एका पारड्यांत हा सव्वा सेंटिमीटर व दुसऱ्यांत कोजागिरीची ती रात्र घालून वाचकांनींच तोलावें. औषधाची मात्रा कमी करणें शक्य असतें. पण ती डॉक्टरांनीं, पायरीपायरीनें.

या पंपाच्या जन्माची कथा मुलांना सांगण्यासारखी आहे. १९५५ सालीं अमेरिकेंतील रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी कन्येनें, केसांवरील फवाऱ्याप्रमाणें माझें औषध डब्यांत कां घालतां येत नाहीं, असा प्रश्न वडिलांस केला. पुढील वर्षींच असा पंप बाजारांत आला. आज जगांतील कोट्यवधि लोक जो पंप ओढतात, त्याचें मूळ एका मुलीच्या प्रश्नांत आहे.

मुलांना मात्र पंप थेट तोंडांत देऊं नये. मध्यें जोडनळी, म्हणजे स्पेसर, हवाच. अगदीं लहानांस तिला मुखवटा लावावा. एक वेळ दाबून चार-सहा संथ श्वास, मग दुसरा दाब. स्टेरॉईडनंतर चूळ भरावी. जोडनळी न परवडणाऱ्यांसाठीं दक्षिण आफ्रिकेंतील केप टाउन येथील डॉक्टरांनीं १९९९ सालीं दाखवून दिलें कीं, शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीच्या बुडास पंपाच्या मापाचें भोंक पाडून ती नीट बसविल्यास काम तितकेंच चांगलें होतें. खर्चाची सबब उरत नाहीं.

घर आणि शाळा

घरांत करावयाचें फार नाहीं, पण नियमानें करावयाचें आहे. मुलाच्या चादरी व अभ्रे आठवड्यांतून एकदां ५५ ते ६० अंश उष्ण पाण्यांत धुवावे. त्याच्या निजण्याच्या खोलींत रुजामा व जुन्या गाद्यांची उतरंड नको. झाडण्याऐवजीं ओल्या फडक्यानें पुसावें. घरांत कोणीही विडी-सिगारेट ओढूं नये. देवाजवळची उदबत्ती, धूप व डांसांची कांडी यांचा धूर देवास पोंचतो कीं नाहीं हें आम्ही सांगूं शकत नाहीं. मुलाच्या छातींत निश्चित पोंचतो. नातवाच्या मुंजींत होम मोकळ्या अंगणांत केला व धूर होईल अशीं ओलीं लांकडें वर्ज्य केलीं; विधींत कांहींही उणें पडलें नाहीं. प्राणायामानें श्वासावर ताबा येतो, मन स्थिर होतें. तो अवश्य करावा, परंतु औषधाच्या जागीं नव्हे. पथ्याच्या नांवाखालीं दहीं, केळें, भात सर्वच बंद करून मूल वाळवूं नये. अमुक पदार्थानें त्रास होतो असें प्रत्यक्ष दिसेल तोच टाळावा.

पुढील चिन्हें दिसल्यास घरगुती उपायांत क्षणही दवडूं नये : एका दमांत वाक्य न बोलतां येणें, बरगड्यांमधील कातडी आंत ओढली जाणें, ओठ निळसर होणें, मूल गुंगींत जाणें, अडचणीच्या पंपानें आराम न पडणें. वाजणारी छाती एकाएकीं शांत झाली व मूल थकलेलें दिसलें, तर तें बरें होण्याचें लक्षण नव्हे. हवा जाणेंच थांबत आल्याचें तें लक्षण असूं शकतें. मुलास ताठ बसवावें, डॉक्टरांनीं लिहून दिलेल्या प्रमाणांत निळा पंप जोडनळीनें द्यावा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. असें लेखी टिपण डॉक्टरांकडून आधींच मागून घेऊन घरांत व दप्तरांत ठेवावें. २०१९ सालीं जगांत सुमारें २६ कोटी २० लक्ष लोकांस दमा होता व साडेचार लक्षांहून अधिक माणसें त्यानें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यांतील पुष्कळ मृत्यु टाळतां येण्यासारखे असतात, म्हणून हा आंकडा अधिक बोंचतो.

शिक्षकबंधूंस एक विनंति. वर्गांत ज्याची छाती वाजते त्याचें नांव आईबापांनीं तुम्हांस मोकळेपणानें सांगावें, असा विश्वास त्यांच्या ठिकाणीं निर्माण करा. पंप मुलाच्या हाताशीं असूं द्या, कपाटांत कुलूपबंद नको. आणि एखादा मुलगा झाडाखालीं जाऊन बसला तर त्यास कामचुकार म्हणण्यापूर्वीं त्याच्या जवळ जाऊन कान द्या. आमचा नातू आतां शाळेच्या संघांत खो-खो खेळतो. खेळण्यापूर्वीं तो कोपऱ्यांत न लपतां, सर्वांदेखत आपला पंप ओढतो, हें पाहून आम्हांस समाधान वाटतें.

त्या जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता आम्हांस ठाऊक नाहीं. तो आतां चाळिशीच्या घरांत असेल, कदाचित् त्याच्याही मुलाची छाती वाजत असेल. हा लेख त्याच्या दृष्टीस पडला, तर तिसरी फेरी घालावयास लावणाऱ्या मास्तरांनीं आपली चूक पदरांत घेतली आहे, एवढें त्यास कळावें.